उंबऱ्याकडे तोंड केलेले जोडे

ओकबुनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी चूल. आमच्या खाण कंपनीच्या चाळीत, कोरियातल्या सगळ्या घरांसारखी, जमिनीखालून ऊब फिरायची, आणि ती ऊब कोळशाच्या भोकाभोकांच्या वडीवर चालायची. वडी जळून पांढरी झाली की चिमट्यानं काढायची, नवी ठेवताना भोकाला भोक जुळवायचं. घाईनं ठेवली तर विस्तव मरतो. ओकबुन घाई करत नसे. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. पलीकडे चिमटा वाजला की माझी बायको उठायची. आम्हाला घड्याळ लागलं नाही.

चिमट्यानंतर दुसरा आवाज सासूचा.

"नवऱ्याला गिळलंस. आता कोळसाही गिळ."

हे रोज. सणालासुद्धा. म्हातारी जोंगसन गावची, म्हणून सगळे तिला जोंगसनवाली म्हणायचे. ती पण चारलाच उठायची. मागच्या अंगणात आंबवणाच्या मडक्यांवर ताज्या पाण्याचा वाडगा ठेवायची आणि तळहातावर तळहात घासत डोंगराच्या देवाला आळवायची. तोंडात देवाचं नाव आणि सुनेला शिव्या, दोन्ही एकाच दमात.

ओकबुन उलट बोलत नसे. तिची मुलगी दलरे तेव्हा शाळेत जायला लागली होती. ती दप्तर भरता भरता आजीची शिवी पुरी करायची, एवढी ती पाठ झाली होती.

ओकबुनचा नवरा दोकपाल माझा खाणीतला जोडीदार. आम्ही दोघं मुकगोलच्या खाणीत छताला लाकडी आधार लावायचो. हे काम जो करतो त्याला लाकडाचा आवाज कळावा लागतो. लाकूड आधी कण्हतं, मग तडकतं. कण्हण्याच्या आणि तडकण्याच्या मधे पळायचं. दोकपालला तो आवाज माझ्यापेक्षा चांगला कळायचा. तरी तो गेला. त्या दिवशी माझी पाळी दुसरी होती. छत न कण्हताच आलं, असं वाचलेले सांगत होते.

खाणीत माणूस मेला की त्याच्या बायकोला कोळसा निवडायच्या शेडमधे घ्यायची रीत होती. पट्टा फिरत असतो, कोळसा पुढून जात असतो, त्यातले दगड वेचून फेकायचे. त्या शेडमधल्या बहुतेक बायका अशाच आलेल्या. चाळण्यांचा आवाज एवढा की वर्षभरात कान जातात. मग त्या बाजारातही ओरडून बोलतात, आणि दुकानदाराला वाटतं भांडायलाच आल्यात.

ओकबुनच्या कामात खोट नव्हती. तिच्या पुढून गेलेल्या कोळशात दगड सापडत नसे. पण ती हातमोजे घालत नव्हती. कंपनी देत होती. ही घ्यायची आणि शेजारणीला द्यायची. थंडीत दगडाच्या धारेनं बोटं फाटायची, त्यात काळी पूड बसायची. दमलेली असली तरी दुसऱ्या बाईची पाळी मागून घ्यायची. मी आयुष्यभर अंगमेहनत केली आहे. काम करणारा हात आणि शिक्षा भोगणारा हात मी ओळखतो. काम करणारा स्वतःला जपतो, कारण उद्याही काम असतं.

"वहिनी, हातमोजे का घालत नाही?" मी एकदा विचारलं.

"भावजी, त्यानं दगडाची बोच कळत नाही," ती म्हणाली.

मला वाटलं कामापुरतं बोलतेय.

तिला काय झालं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख असं म्हणायचे सगळे. पण त्या शेडमधे सगळ्यांचेच नवरे गेले होते, आणि तरी पगाराच्या दिवशी डुकराची चरबी भाजून खाताना बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. ही कोपऱ्यात बसून कांदा सोलायची.

मग एका थंडीत ती पट्ट्याजवळ चक्कर येऊन पडली. शेजारच्या माकरेनं तिला एप्रनच्या नाड्यांना धरून मागे ओढलं, नाहीतर हात पट्ट्यात गेला असता. माकरे चर्चला जाणारी. तोंडानं फाटकी, पण बाई खरी.

"उद्यापासून माझ्याबरोबर पहाटेच्या प्रार्थनेला यायचं," तिनं ओकबुनच्या कानात ओरडून सांगितलं.

"माझं तिथे काय काम?"

"तिथे शेगडी आहे. देव आहे का नाही ते तू बघ. शेगडी आहे ते मी सांगते."

ओकबुन जायला लागली. मागे, दाराशी, जिथे शेगडीची ऊब पोचत नाही तिथे बसायची. हेही तसंच.

आमच्याकडे पहाटेच्या प्रार्थनेत गाणं होतं, पाळक चार शब्द बोलतो आणि मग दिवे मंद करतात. त्यानंतर प्रत्येक जण आपापलं, मोठ्यानं, एकाच वेळी देवाला सांगतो. कुणी मुलाच्या परीक्षेचं, कुणी दारुड्या नवऱ्याचं, कुणी नुसतंच "प्रभू, प्रभू" ओरडतो. छप्पर हलतं. बाहेरच्या माणसाला वाटेल दंगल झाली. पण आतल्या माणसाला त्यात एकांत मिळतो. शेजारचा काय बोलतो ते कुणालाच ऐकू येत नाही, आणि कुणी ऐकतही नाही. शेवटी पाळक मेजावरची छोटी घंटी वाजवतो आणि सगळे एकदम गप्प होतात.

महिनाभर ओकबुन तोंड मिटून बसली. मग एका सकाळी त्या कल्लोळात तिनं तोंड उघडलं. आत साचलेलं पहिल्यांदा बाहेर आलं, तेही शेडमधल्या आवाजात. घंटी वाजली. सगळे गप्प झाले. तिच्या कानांना ती बारीक घंटी ऐकू आली नाही. डोळे मिटलेले.

"जोडे मीच फिरवले! बाहेर तोंड करून मीच ठेवले! मर म्हटलं मी त्याला, मर म्हटलं!"

मग तिला शांतता जाणवली. डोळे उघडले तर सगळं चर्च मान वळवून तिच्याकडे बघत होतं. माझी बायको तिथे होती. ती सांगते, त्या क्षणी शेगडीतला कोळसासुद्धा वाजेना.

खाणीच्या गावात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा पाळीवर गेला की बायको त्याचे घरचे रबरी जोडे पायरीच्या दगडावर ठेवते, टोकं घराकडे. म्हणजे माणूस घराकडे येतो. टोकं रस्त्याकडे केली तर माणूस जातो. यावर विश्वास आहे का विचारलं तर सगळ्या बायका नाही म्हणतील, आणि सगळ्या जोडे घराकडेच करतील.

आदल्या रात्री दोघांचं भांडण झालं होतं. तिला खाण सोडून माहेरी, समुद्राकाठी जायचं होतं. मासे वाळवून पोट भरू म्हणत होती. दोकपालनं भाताचा वाडगा भिंतीवर फेकला. एवढं आम्हीही ऐकलं होतं. सकाळी तो न बोलता गेला. तिनं जोडे उचलले, टोकं रस्त्याकडे केली आणि म्हणाली, जा, येऊच नकोस. दुपारी अपघाताचा भोंगा झाला.

योम पाळक तेव्हा तरुण होता. चष्मा, बारीक मान. तो म्हणाला, "ओकबुनताई, जोड्यांनी माणूस मरत नाही. छत पडून मरतो."

"ते मला कळतं, पाळकसाहेब. पण तुमच्या घरी विचारा, तुमचे जोडे कुठे तोंड करून असतात."

पाळकाच्या बायकोनं मान खाली घातली. दोघी-तिघींना हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

"मी जोड्यांचं बोलतच नाही," ओकबुन म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "त्या वेळी मला खरंच वाटलं होतं, हा परत येऊ नये. जो भेटतो तो म्हणतो तुझी काही चूक नाही. होती. ती चूक कुणी घेतच नाही माझ्याकडून. मी ती कुठे ठेवू?"

पाळक व्यासपीठावरून उतरला, सगळ्या बायकांमधून वाट काढत दाराशी आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. चष्मा काढला.

"होती," तो म्हणाला.

माझी बायको म्हणते, त्या एका शब्दानं तिचा चेहरा सैल झाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

"मग तेच देवापुढे ठेवू," पाळक म्हणाला. "जोडे नकोत. ते." आणि त्यानं तिथेच, साध्या आवाजात प्रार्थना केली. "प्रभू येशू, हिनं रागात नवऱ्याचं मरण मागितलं. हिला त्याचा पश्चात्ताप आहे. हिला क्षमा कर." मग म्हणाला, "झालं, ताई. त्यानं क्षमा केली."

"एवढंच?"

"एवढंच."

"इतकी वर्षं मी हे वाहिलं, आणि एवढंच?"

"स्वस्त नाही ते. त्याची किंमत फार मोठी होती. ती त्यानं वधस्तंभावर भरली. तुम्ही पुन्हा भरायला जाऊ नका. हात बघा तुमचे."

तिनं हात बघितले. मग त्या हातांत तोंड घालून रडली. माकरेनं तिला थोडं रडू दिलं, फार नाही.

"आता पळ," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरी. हे नळावर पोचायच्या आत. मी माझ्या तोंडाला कुलूप लावते, पण इथे माझं एकटीचंच तोंड नाही."

तेव्हा ओकबुनला कळलं. देवाला सांगून झालं होतं. पण जिचा मुलगा गेला होता ती आई घरी होती. खोली कंपनीची, पण घरात शब्द सासूचा. ती निघ म्हणाली असती तर ओकबुनला दलरेला घेऊन त्याच सकाळी जावं लागलं असतं. दलरेला तरी तिनं सोडलं असतं का, कोण जाणे. नात म्हणजे मुलाची शेवटची खूण.

मी गल्लीत जळक्या वड्या फोडून बर्फावर टाकत होतो. रोजचं काम ते. आमची गल्ली उतरती, राख टाकली नाही तर पाय राहत नाही. ओकबुन डोक्यावरचा रुमाल सुटलेला, अशी खाली आली आणि मला ओलांडून मागच्या अंगणात गेली. म्हातारी वाडग्यासमोर उभी होती, हात घासत.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय!"

"हळू बोल. देव बहिरा नाही, तू आहेस."

ओकबुननं सांगितलं. सगळं. आडपडदा न ठेवता. मधे फळ्यांचं कुंपण होतं. तिचा आवाज तसा, ऐकू न येणं शक्य नव्हतं. मी घमेलं हातात धरून उभा राहिलो. पुढे काय होणार ते मला माहीत होतं असं वाटलं. वाडगा डोक्यात बसणार.

म्हातारीनं वाडगा उचलला. त्यातलं देवाचं पाणी स्वतःच घटाघटा प्याली. आणि रिकामा वाडगा मडक्यावर पालथा घातला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मला माहीत होतं!" म्हातारी ओरडली. "तू पाणी आणायला गेलीस आणि मी बाहेर आले. जोडे पाहिले. मी ते सरळ केले. या हातांनी. टोकं घराकडे. नीट पुसून ठेवले. तू परतलीस तेव्हा तिकडे बघितलंसही नाहीस. आणि तरी माझं पोर आलं नाही."

ओकबुननं पालथ्या वाडग्याकडे बघितलं.

"जोडे सरळ होते, कळलं का तुला? पाणी रोज ठेवत होते. सगळं बरोबर केलं होतं मी. मग कुणाला शिव्या घालायच्या? डोंगराला? डोंगर ऐकून घेतो आणि पुन्हा अंगावर पडतो. तू जवळ होतीस."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"इतकी वर्षं."

"इतकी वर्षं. तुला सांगितलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

मला वाटलं आता तरी ओकबुन बोलेल. तिला हक्क होता. पण ती आत गेली, दलरेची वेणी घातली, जेवणाचा डबा भरला आणि शेडवर निघून गेली. चालताना वाटेत एकदा थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. 

नंतर चर्चच्या मंडळीसमोर आपल्या अनुभवाची साक्ष देताना तिनं सांगितलं, त्या सकाळी तिला क्षमा मिळाली आणि तासाभरातच ती दुसऱ्याला द्यायची वेळ आली. घेणं सोपं होतं. द्यायला दिवस लागला. पट्ट्यावर पहिला तास तिनं सासूला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं. दगडाऐवजी कोळसा फेकत होती, मुकादम येऊन बघून गेला. मग तिच्या लक्षात आलं की आपली आणि सासूची गोष्ट एकच आहे. दोघींनी ती वेगवेगळ्या टोकांनी धरली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती भांडाराच्या खिडकीशी गेली.

"हातमोजे द्या."

"तुझे दिले होते की."

"ते वाटले. आता माझ्यासाठी द्या."

भांडारवाला कुरकुरला, पण दिले.

घरी आली तेव्हा म्हातारी गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसली होती. अंगात बाहेर जायचा कोट. दलरे आजीच्या कोटाचं बटण धरून बसलेली.

"कुठे निघालात?"

"जोंगसनला."

"तिथे कोण आहे?"

म्हातारीनं विचार केला. "कुणी नाही."

"मग आत या. आमटी निवतेय."

"तू मला ठेवून घेतेस?"

"मला ठेवून घेतलंय. तुम्हाला कशी बाहेर घालू?"

म्हातारीला यातलं अर्धंच कळलं असेल. पण ती उठली. उठताना गुडघ्याला हात लावून इतकी कण्हली की भिंतीपलीकडे आम्हाला वाटलं काही लागलं हिला. मग पलीकडे वाडगे वाजले. तिघींचे. माझी बायको भिंतीला कान लावून होती. मी तिला ओढली, पण तिनं ऐकायचं तेवढं ऐकून घेतलं होतं. "जेवतायत," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चारला चिमटा वाजला. आम्ही वाट बघत राहिलो. काही नाही. मग दलरेचा आवाज.

"आजी, आज शिवी नाही?"

"विसरले," म्हातारी म्हणाली.

पुढे बरेच दिवस म्हातारीला सकाळी बोलायला काही सुचत नसे. नुसती खोकायची. मग हळूहळू हवेचं बोलायला लागली, मग किमचीत मीठ जास्त झाल्याचं. ओकबुनची बोटं भरून आली. शेडमधे माकरे म्हणायची, "बघा बघा, बाईसाहेबांचे हात! आता अंगठी मागेल." आणि ओकबुन हसायची. हसताना तिचा एक दात पुढे यायचा. मला इतक्या वर्षांत तो माहीत नव्हता.

म्हातारीनं पाण्याचा वाडगा पुन्हा ठेवला नाही, पण चर्चलाही आली नाही. "तुझा देव फार सोपा आहे," असं सुनेला सांगायची. "आमच्या देवाला कोंबडं लागायचं." मग एका रविवारी कुणी न विचारताच म्हणाली, "तुला ज्यानं एवढ्यात मोकळी केली तो कोण आहे ते मला बघायचंय. माझंही एक काम आहे त्याच्याकडे."

चर्च उतारावर. वाट म्हणजे नुसता घसरता दगड. म्हातारीचे गुडघे संपलेले. ओकबुननं तिला पाठीवर घेतलं, लहान मूल घेतात तशी, आणि चढायला लागली. अर्ध्यावर पाय निसटला. दोघी बसल्या त्या बसल्या, खालपर्यंत घसरत आल्या. लोक धावले. म्हातारी बर्फात बसून म्हणाली, "गिळलंस का मला पण?" आणि स्वतःच खो खो हसायला लागली. पण त्या रविवारी ती वर गेली नाही. पुढच्याही नाही. "खालूनच सांगते त्याला," म्हणायची. ओकबुनला ते लागलं.

त्याच सुमाराला खाणी बंद व्हायला लागल्या. आमचीही झाली. शेडचा पट्टा थांबला त्या दिवशी बायका काही वेळ तशाच उभ्या राहिल्या, हात पुढे करून. हिशेब मिळाला तेव्हा लोक सोलला गेले, कुणी दुकान टाकलं. ओकबुन माझ्याकडे आली.

"भावजी, चर्चच्या वाटेला पायऱ्या करायच्या आहेत. आणि लोखंडी कठडा, धरायला."

"मंडळी करेल की वर्गणी काढून."

"मंडळी करेल तोवर आई राहायच्या नाहीत. मी देते. तुम्ही बांधा. आणि मजुरी पुरी घ्यायची."

मी फुकट केलं असं लोक सांगतात. खोटं आहे. मी मजुरी घेतली. फुकटचं काम सैल होतं, आणि ती तसलं काम चालवून घेणारी नव्हती. पाया खणताना रोज येऊन बघायची. एका ठिकाणी मी दगड कमी खोल बसवला होता. तिनं टाच मारून बघितलं. मी तो काढून पुन्हा बसवला. पायऱ्या बुटक्या ठेवल्या, म्हाताऱ्या पायांना झेपतील अशा. कठड्याची नळी बारीक घेतली, म्हणजे मूठ पुरी बसते. थंडी पडायच्या आत काम संपवलं.

पहिल्या दिवशी म्हातारी पहाटे आली. एक हात कठड्यावर, एक सुनेच्या खांद्यावर. मधे थांबून दम घेतला. मी वर उभा होतो.

"कुणी बांधलंय हे?" तिनं विचारलं.

"मी, जोंगसनवाली."

"ही एक पायरी उंच झालीय."

झाली नव्हती.  ती वर आली, जोडे काढले, आणि शेगडीजवळच्या उबेच्या जागेवर, बायका सरकल्या तिथे, जाऊन बसली. दिवे मंद झाले. सगळे एकदम बोलायला लागले, तशी तीही बोलायला लागली. काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. घंटी वाजली तेव्हा ती वेळेवर थांबली.

ओकबुननं नंतर डोंगर उताराला कोबी लावला आणि त्यावर घर चालवलं. पट्ट्यावरचे दगड वेचून मिळवलेलं जे काही होतं, ते त्या पायऱ्यांमधे आणि त्या कठड्यात गेलं.